नऊ लिटरचं कॅबिनेट

४ नोव्हेंबर, सोमवार

पार्सल आलं. रचनाचं कॉम्प्युटरचं कॅबिनेट. खोकं उचललं तर वाटलं, चोरांनी रिकामंच पाठवलं! उघडून बघतो तर पत्र्याचा एक डबा. पाहुण्यांसमोर ठेवायच्या बिस्किटांचा मोठा डबा असतो ना, तेवढाच. यात म्हणे अख्खा कॉम्प्युटर बसणार!

खोक्यावर माप काय लिहिलंय — नऊ लिटर. मी म्हटलं, "काऊन रचना, दूध आणायले जाऊन राहिली का याच्यात?" पोरगी हसली नाही. "बाबा, छोट्या कॅबिनेटचं माप लिटरमध्येच सांगतात." सांगतात! चौतीस वर्षं लाइनमन होतो, हजार पेट्या उघडल्या असतील, मला कुणी लिटरमध्ये माप सांगितलं नाही.

जुना टॉवर चांगला धडधाकट आहे. आत कोपरापर्यंत हात फिरतो. या डब्यात माझा पंजासुद्धा जात नाही. कशाला घेतला विचारलं तर म्हणते, जागा कमी लागते. आमच्या फुलचूरच्या घरात तिचं टेबल पाच फुटी आहे, मीच बनवून दिलेलं. त्यावर अर्धी जागा रिकामी पडली आहे. मग कमी जागा कुणाला हवी?

५ नोव्हेंबर

कळलं कुणाला हवी. पुण्याला!

नोकरी लागली. इमारत बांधायच्या आधीच तिच्या आत फिरून बघता येईल अशी चित्रं बनवतात, ते काम. दोन डिसेंबरला हजर व्हायचं. पहिलं वर्षभर मशीन स्वतःचं आणायचं. एका खोलीत तीन पोरी राहणार, हिच्या वाट्याला कोपऱ्यातलं एक स्टूल. म्हणून नऊ लिटर! पिशवीत बसेल, पिशवी महाराष्ट्र एक्सप्रेसच्या बर्थखाली बसेल. सगळं मोजून-मापून घेतलं. महिनाभर मापं घेत होती आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

तिच्या आईला, पार्वताला, माहीत होतं. मी म्हटलं, "मले काऊन नाही सांगितलं?" तर म्हणते, "तुम्ही असेच वरडले असते म्हणून."

मी ओरडत नाही! माझा आवाजच मोठा आहे. खांबावरून खालच्याशी बोलून बोलून तसा झाला.

६ नोव्हेंबर

बोललो नाही. कुणाशीच.

८ नोव्हेंबर

तिनं आज स्वतः जोडायला घेतलं. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून होतो. एका बाजूला बोर्ड, मधे पत्रा, दुसऱ्या बाजूला ग्राफिक कार्ड, आणि दोघांना जोडणारी पापडासारखी चपटी पट्टी. इथवर ठीक. पण तारा! एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या खोक्याच्या, तारा दीड-दीड फुटाच्या आणि डबा वीतभर. पोरगी त्या कोंबत होती. कोंबत! गादीत कापूस भरतात तशा. वरून प्लास्टिकच्या टायनं आवळल्या. चालू करून बघितलं तर एक तार पंख्याला घासत होती, खर्र्र करून. तिला ऐकूच येत नव्हतं, कानात गाणी.

मला राहवलं नाही. म्हटलं, सरक.

"बाबा, राहू द्या, होतं ना."

"हे होणं नाही, हे मरणं आहे. सरक म्हणतो ना."

उठलो आणि माझी पाटी आणून डब्याला टांगली. लाल पत्र्याची, नोकरीतली: 'थांबा! माणूस काम करत आहे.' मागच्या बाजूला खडूनं नाव लिहिलं — भैयालाल — आणि तारीख.

आता कुणाची हिंमत नाही. आमच्या घरात हा कायदा आहे, मिक्सर असो, पंप असो, टीव्ही असो. लाइनवर चढायचं तर आधी सबस्टेशनातून परमिट काढायचं, आपल्या नावानं. मग वीज बंद. आणि ज्याच्या नावानं परमिट, त्यानंच खाली उतरून ते वापस करायचं. तोवर साहेब आला तरी स्विच टाकायचा नाही. रचना पाच वर्षांची असताना मी बिघडलेला टेबल फॅन दोन दिवस उघडा ठेवला होता, तर ही भर मे महिन्यात घामानं निथळत त्याच्यासमोर बसली होती. बोट लावलं नाही. "परमिट वापस" म्हटलं तेव्हा बटण दाबलं.

आजही मागं सरकली. मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाही राग आला.

११ नोव्हेंबर

तारा कापून आखूड करतो आहे. तिनं पिना आणि दाबायची पकड आधीच मागवून ठेवली होती, म्हणजे माझ्याकडूनच करून घ्यायचा विचार होता की काय? विचारणार नाही.

बोर्डाला जाणाऱ्या चोवीस तारा. एक जरी चुकीच्या घरात बसली तर बोर्ड जळून खाक. प्रत्येकीला नंबराची पट्टी लावली. दाबली, ओढून बघितली, मीटर लावून बघितलं, मग पुढची. दिवसाला आठ. डोळ्यांना दिसतं तोवरच. पहाटेचा थंडावा आणि दुपारचं ऊन, दोन्ही खिडकीशी बसून घेतलं.

प्लास्टिकचे टाय सगळे फेकले. मेणाच्या दोऱ्यानं बांधतो, गाठीशेजारी गाठ. माझ्या जोडीचा लाइनमन शालीकराम, त्यानं शिकवलं होतं. त्याचे दोन्ही हात होते तेव्हा.

१४ नोव्हेंबर

दवनीवाड्याहून मुन्नालालचा फोन. त्यानं वांग्याच्या शेतात मोटरनं पाणी सोडलं आणि खांबावरचा फ्यूज उडाला. "भैयालालभाऊ, लाइनमन फोन नाही उचलून राहिला. तुम्ही या ना, पाचच मिनिटाचं काम." गेलो. सेफ्टी बेल्ट खुंटीवरून काढला, गाडीला किक मारली, गेलो. झालं पाचच मिनिटांत. उतरताना जरा गरगरलं, खांबाला मिठी मारून थांबलो, बस एवढंच.

घरी आलो तर रचना दारात. माझ्या शर्टावरचा गंज बघितला.

"चढले ना?"

"मग का खालून फुंकर मारू?"

"रिटायर होऊन तीन वर्षं झाली बाबा! बीपीची गोळी घेता तुम्ही! मी तिकडे कसं काम करू, डोकं इथं ठेवून?"

मग नको जाऊ! म्हटलंच मी. जोरात म्हटलं. शेजारच्या घराचं दार उघडलं आणि लागलं.

ती आत गेली. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. रडली नाही.

१८ नोव्हेंबर

सगळ्या तारा झाल्या. झाकण बसवलं. बसेना! दाबून बसवलं. परमिट वापस म्हटलं, तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर काही नाही. काळाठिक्कर.

मी म्हटलं, डबाच भंगार. लिटरवाला!

तिनं झाकण काढलं, नाकाशी धरून आत बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, प्रत्येक तार दोन बोटं जास्त ठेवली तुम्ही."

ठेवली मग! ठेवायचीच असते. उद्या टोक जळालं, कापावं लागलं, तर पुढच्या माणसाला जोडायला तार उरली पाहिजे. ताणून बांधलेली तार म्हणजे आळशी माणसाची तार. हे नवीन पोरांना शिकवता शिकवता माझी चौतीस वर्षं गेली.

"पण हा खांब नाही ना. ती जादा तार पट्टीला दाबून राहिली. म्हणून कार्ड लागत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. कारण बरोबर होतं तिचं. चोवीस गुणिले दोन बोटं, एवढा भारा त्या पापडावर. चूक माझी. दहा दिवसांची मेहनत आणि चूक माझी. मी पकड टेबलावर आपटली. पाटी पुन्हा टांगली, खडूनं तारीख बदलली.

"पुन्हा करतो."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे!"

२२ नोव्हेंबर

झालं. आज दुपारी चार वाजता. सगळ्या तारा मापात, दोन बोटं काढून टाकली. बोर्डाच्या कडेनं वेणीसारख्या बसल्या आहेत. झाकण नुसतं टेकवलं की बसतं. पंख्यासमोर एक तार नाही, हवेला वाट मोकळी. इतकं सुबक काम मी नोकरीतही केलं नसेल.

झालं, पण सांगितलं नाही.

रचना दारातून विचारून गेली, "झालं का बाबा?" मी म्हटलं, "चालू आहे." चष्मा लावून, मीटर हातात घेऊन, झालेल्या कामासमोर बसून राहिलो. चोवीसच्या चोवीस तारा पुन्हा मोजल्या. काय उपयोग! चोवीसच भरल्या.

२३ नोव्हेंबर

चालू आहे म्हणालो.

मशीनशिवाय हजर होता येत नाही. फोनवर तिला कुणीतरी विचारत होतं — "रेडी आहे का सेटअप?" ती म्हणाली, "माझे बाबा करत आहेत, त्यांच्या हातचं काम आहे, वेळ लागतो." अशी सांगत होती की जणू मोठा इंजिनिअर ठेवलाय.

अंगाची लाही लाही झाली. कुणावर, ते लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पार्वतानं आज तोंड उघडलं. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "परवाच झालं ना ते?"

मी पेपर पुढं धरला.

"त्या पोरीनं एकदा बी हात नाही लावला. तुमची पाटी आहे म्हून. सगळी बॅग भरून झाली, मधात तेवढीच जागा ठेवली तिनं." मग म्हणाली, "उन्हाळ्यात बी नोकरी आली होती तिले. नाही म्हणाली. बाबा खांबावरून पडले तं कोन पाहीन, म्हणे."

मी म्हटलं, "मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं उतरले असते का?"

गाडी काढली. कुठं जातो ते ठरवलं नव्हतं, पण दवनीवाडा आला. शालीकरामच्या घरापुढं धानाचे कट्टे, तोंड शिवलेली पोती, पडले होते, तो बाजेवर बसून एका हातानं शेंगा सोलत होता. डावा हात कोपरापासून नाही. तीस वर्षांत एका हातानं सगळं शिकला, शेंगासुद्धा.

"जयभीम. का गा भैया, तोंड काऊन असं?"

सगळं सांगितलं. डबा, पुणं, पाटी. तो हसेल वाटलं. नाही हसला. शेंग सोलायची थांबवली.

"माह्या परमिटले घाई केलीस. आता पोरीचं दाबून बसलास. फरक का आहे गा? दोन्ही खेपेस खांबावर दुसराच मानूस होता."

मी उठलो. पाणी न पिता उठलो. त्याची बायको हाक मारत राहिली. काय बोलायची पद्धत आहे ही! तीस वर्षांत एकदा तो विषय काढला नाही आणि आज काढला!

२५ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. या डायरीत तरी.

चौऱ्याण्णव साल. दोन खांब, एकावर तो, एकावर मी. परमिट शालीकरामच्या नावावर. माझं काम झालं, मी उतरलो. त्याची सायकल झाडाखाली नव्हती, वाटलं गेला घरी. गावातला कुणीतरी सायकल घेऊन गेला होता, शालीकराम वरच होता. झाडाच्या फांद्यांमुळं मला दिसला नाही. मी एक आवाज दिला नाही. एक! आमच्या दोघांच्या पिशवीतून परमिटचा कागद काढला, सबस्टेशनात जाऊन म्हटलं, झालं काम. "शालीकराम?" "उतरला." माझ्याच हातानं सही केली, त्याच्या नावाची, आणि त्यांनी स्विच टाकला. मला घरी जायची घाई होती. कशाची घाई होती तेही आता आठवत नाही.

चौकशीत तो दवाखान्यातून म्हणाला, मीच पाठवलं होतं भैयाला. माझी नोकरी राहिली. त्याचा हात नाही राहिला.

म्हणून घरात तो कायदा. पोरीला वाटतं, बाप किती पक्का लाइनमन!

२६ नोव्हेंबर

विहारात संविधान दिनाचा कार्यक्रम. रचनानं प्रास्ताविका वाचली, पाठ आहे तिला, कागद नुसता हातात. सगळे म्हणाले, भैयालालभाऊ, पोरगी पुण्याला चालली, अभिमान आहे. मी हो हो म्हटलं. कुणाला तरी एक ठेवून द्यावी वाटत होती. स्वतःलाच दिली असती, पण कार्यक्रमात कशी देणार?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा झाल्यावर तिला हाक मारली.

"रचना. परमिट वापस."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पाटी काढली, मागचं नाव बोटानं पुसलं. तिनं बटण दाबलं. पडदा उजळला. आवाज नाही, खरखर नाही. मग तिनं तिचं एक चित्र लावलं, घराच्या आतलं, जिन्यावरून वर जायचं, खिडकीतून ऊन. पंखे जोरात फिरले तरी डबा नुसता कोमट. अर्धा तास चालवलं.

"बावीस तारखेलाच झालं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तुम्ही पकड हत्यारांच्या पेटीत घालून ठेवली होती बाबा. काम चालू असलं की तुम्ही पकड कधीच आत ठेवत नाही."

सहा दिवस! सहा दिवस तिला माहीत होतं आणि तरी हात लावला नाही. गाडी दोन दिवसांवर आलेली! मी ओरडलोच — "मग बोलली काऊन नाही? गाडी चुकली असती तं?"

"परमिट तुमच्या नावावर होतं ना."

मी बाहेर जाऊन गाडी धुतली. धुतलेलीच होती.

मग परत आलो आणि तिला चौऱ्याण्णव सालचं सांगितलं. सगळं. सायकल, फांद्या, सही. पार्वता दारात उभी होती, तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. रचना बराच वेळ त्या लाल पाटीवरून बोट फिरवत बसली. मला वाटलं, आता ही माझ्याकडं कधी तशी बघणार नाही. मग उठली आणि म्हणाली, "शालीककाकांना भेटून येऊ जाण्याआधी." गेलो. त्यानं तिला उजव्या हातानं किलोभर शेंगा बांधून दिल्या, तोंडात दोरी धरून.

३० नोव्हेंबर, शनिवार

गेली. डबा पिशवीत, पिशवी बर्थखाली. बरोबर बसली, एक बोट जागा उरली. मी तीनदा वाकून बघितलं. समोरची बाई म्हणाली, "क्या है उसमें भैया, काच का सामान?" मी म्हटलं, "मेरी लड़की का कंप्यूटर. मैंने बनाया." खोटं बोललो, अर्धं.

गाडी हलल्यावर रचना खिडकीतून म्हणाली, "गोळी घेत जा." एवढंच. जाताना बापाला सांगायची ही गोष्ट आहे का?

१ डिसेंबर

माझी लाल पाटी सापडत नाही! खिळ्यावर नाही, कपाटात नाही, हत्यारांच्या पेटीत नाही. पार्वता म्हणते मले का माहीत. घर उलटं केलं. पोरीनं नेली की काय? नोकरीची वस्तू ती, विचारून नेता येत नाही? फोन केला तर म्हणते, "मी काही नाही आणलं बाबा, घरीच असेल." आणि हसली. हसण्यासारखं काय आहे?

३ डिसेंबर

फोन आला. मशीन पहिल्या बटणाला चालू झालं. तिकडच्या एका पोरानं झाकण काढून बघितलं, म्हणाला हे कुठून करून आणलं? सगळ्यांनी फोटो काढले. मेणाच्या दोऱ्याचे!

मला काय त्याचं. जेवणात मीठ जास्त होतं, ते म्हटलं पार्वताला.

६ डिसेंबर

विहारात गेलो. मेणबत्त्या लावल्या. रचनाच्या नावाची एक जास्त.

८ डिसेंबर, रविवार

मुन्नालालचा फोन. पुन्हा फ्यूज. "पाचच मिनिट, भाऊ." मी निघालोच. खुंटीवरून जाड शर्ट काढला, त्याच्याखाली सेफ्टी बेल्ट. बेल्टाच्या कडीला माझी लाल पाटी, मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली. गाठीशेजारी गाठ. मागं खडूनं लिहिलेलं — रचना. ३० नोव्हेंबर. मी येऊन वापस करीन.

असा संताप आला! पाटी माझी, कायदा माझा, गाठसुद्धा माझीच! फोन चालूच होता, मुन्नालाल हॅलो हॅलो करत होता. त्याला म्हटलं, लाइनमनले बोलाव बाप्पा. माहा बेल्ट पोरीच्या परमिटवर आहे.